कॅपिबारा (रुबी भाषेतील ब्राउझर चाचण्यांचे साधन) वापरून लिहिलेली चाचणी लॅपटॉपवर उत्तीर्ण होते, पण सर्व्हरवर अधूनमधून का फसते?

बहुधा तुम्ही 'पेज.टेक्स्ट' घेऊन त्यात मजकूर शोधत आहात. त्याऐवजी थेट पेजवर 'हॅव्ह_कंटेंट' ही अपेक्षा लिहावी. 'पेज.टेक्स्ट' त्या क्षणी पानावर जे दिसते तेवढेच देते, मग जावास्क्रिप्टचे काम अर्धवट का असेना; 'हॅव्ह_कंटेंट' मात्र मजकूर येईपर्यंत, मूळ मर्यादेनुसार 2 सेकंद, पुन्हापुन्हा पाहते. बडोद्यातील आमच्या कचेरीत 'पावती तयार झाली' ही ओळ अशीच हुकत असे, आणि तिच्याआधी पेरलेले 'स्लीप 5' (5 सेकंद नुसते थांबण्याची आज्ञा; हा मोह सर्वांनाच होतो) केवळ वेळ खात होते. पान खरोखरच संथ असेल, तर त्याच ओळीला 'वेट: 10' (10 सेकंदांची मर्यादा) द्यावे, सरसकट मर्यादा वाढवल्यास खऱ्या चुकाही उशिरा कळतात.