घरचे १४ जण क्रूझला निघालोय, वय २ ते ७८. केबिन कशा निवडाव्यात?

प्रश्नात तुम्ही लिहिलंय की आजी ७८ वर्षांच्या, मग आई-वडील, तुम्ही दोघं भाऊ बायका-मुलांसह, बहीण-दाजी आणि त्यांचा मुलगा. मुलं पाच, १५ वर्षांच्या मुलीपासून २ वर्षांच्या पुतण्यापर्यंत. आणि एजंट म्हणतोय, "सगळ्यांना बाल्कनी घ्या, विषय संपला." एजंटचा विषय संपतो, तुमचा तिथून सुरू होतो.

आम्हीही सोलापूरचेच. अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलचा कारखाना आहे. दोनदा जाऊन आलो, एकदा मुंबईहून १७ जण, एकदा सिंगापूरहून ११. पहिल्या वेळी केबिन मी वाटल्या, आणि मंगल कार्यालयातल्या खोल्या वाटतात तशाच वाटल्या: मानपानाने. आजीला सगळ्यात भारी, मग आप्पा-आई, मग दाजी (दाजींना डावललं असतं तर ताईने वर्षभर ऐकवलं असतं), उरलेल्या आम्हा घरच्यांना. तिथेच चुकलं. रात्री कोण किती वेळा उठतं आणि कशासाठी उठतं, हे आधी कागदावर लिहायचं आणि त्यावरून केबिन द्यायच्या, हे मला फार उशिरा कळलं.

आजीला दिलेली केबिन वरच्या मजल्यावर, जहाजाच्या अगदी पुढच्या टोकाला होती. बाल्कनीसकट. लिफ्टमधून बाहेर पडलं की एक लांबलचक अरुंद बोळ, दोन्हीकडे एकसारखी दारं. आजी भिंतीच्या कठड्याला धरून दहा पावलं चालायची, थांबायची, परत दहा पावलं. बाल्कनीचं काचेचं दार इतकं जड की तिला एकटीला ते कधी उघडताच आलं नाही, म्हणजे ज्यासाठी पैसे मोजले ते तिने बंद काचेतूनच पाहिलं. रात्री जहाज जरा डुलायला लागलं तर म्हणाली, "हा पाळणा कुणीतरी थांबवा रे."

दुसऱ्या दिवशी रिसेप्शनला सांगून अदलाबदल केली. आमची केबिन मधल्या भागात होती, पण बिनखिडकीची, ज्याला इंटीरियर म्हणतात. तिथे आजी शांत झोपली आणि रात्री अडीच वाजता उठली. खिडकी नाही, उजेड नाही, घड्याळ पर्समध्ये. तिला वाटलं पहाट झाली. अंघोळ केली, माळ घेऊन बसली, जप झाल्यावर केबिनच्या फोनवरून मला उठवलं: "चहा कुठं मिळतो इथं?" आम्ही हसलो खरे, पण ज्या माणसाचा दिवस सूर्याबरोबर उगवतो त्याला बिनखिडकीची खोली देऊ नये. विसरभोळेपणा सुरू झालेला असेल तर मुळीच नको, माणूस रात्री उठून गोंधळतो.

तेव्हा तुमच्या आजींसाठी: जहाजाच्या मध्यावर, खालच्या मजल्यांपैकी एखाद्यावर, खिडकीवाली म्हणजे ओशन व्ह्यू, आणि लिफ्टपासून चार-पाच दारं सोडून. लिफ्टच्या अगदी समोर नको, तिथे रात्री उशिरापर्यंत गप्पा चालतात. मध्यावर का, तर लाटेवर जहाजाची टोकं वरखाली होतात आणि मधला भाग त्यामानाने स्थिर राहतो. अक्कलकोटच्या एसटीत शेवटच्या सीटवर बसून बघा, मग मधल्या सीटवर बसा, वेगळं समजावून सांगावं लागणार नाही. खाली का, तर जहाज कडेला कलतं तेव्हा वरचे मजले जास्त झुलतात. फक्त खाली आणि पुढच्या टोकाला, असं एकत्र नको. बंदरात शिरताना तिथे नांगराच्या साखळीचा आणि पुढच्या यंत्रांचा आवाज येतो, तोही पहाटे.

बाथरूमबद्दल एजंट बोलतच नाही. साध्या केबिनचं बाथरूम आपल्या देवघराएवढं असतं आणि दाराशी चांगला उंच उंबरा असतो, आतलं पाणी बाहेर येऊ नये म्हणून. माझ्या आईच्या पायाचं बोट पहिल्याच रात्री त्याला लागलं. गुडघे दुखणाऱ्या माणसाला हा उंबरा दिवसातून आठ-दहा वेळा ओलांडायचा असतो. आजींना व्हीलचेअर लागत असेल, अगदी कधीमधी जरी, तर अ‍ॅक्सेसिबल केबिन मागा. दार रुंद, बाथरूमला उंबरा नाही, शॉवरखाली बसायला सोय, धरायला दांड्या. साध्या केबिनच्या दारातून बहुतेक व्हीलचेअर आत जातच नाहीत. अशा केबिन प्रत्येक जहाजावर मोजक्याच, त्यामुळे सगळ्यात आधी ही एक पक्की करा आणि बाकीच्या तिच्याभोवती शोधा. (आणि हो, परदेशी जहाजांवर जेट स्प्रे बहुधा नसतो. प्लास्टिकचा एक मग बॅगेत टाका. हसू नका.)

आता चार जणांच्या केबिनबद्दल. भाडं दोघांच्या हिशोबाने लावतात. त्याच केबिनमधल्या तिसऱ्या-चौथ्याला बहुतेक वेळा कमी पडतं, आणि एकट्या माणसाला जवळजवळ दोघांचं भरावं लागतं. म्हणून एजंट सांगेल की चार-चार कोंबा, स्वस्तात बसेल. बसेल, पण तिसरा-चौथा बिछाना म्हणजे छतातून किंवा भिंतीतून उघडणारा बर्थ, नाहीतर सोफा. सिद्धेश्वर एक्सप्रेसच्या वरच्या बर्थवरून तुमच्या घरी भांडण होत नसेल तर इथेही होणार नाही. आमच्याकडे झालं. शिवाय चौघांत बाथरूम एक. घरातल्या बायका आणि १५ वर्षांची मुलगी एकाच वेळी जेवायला तयार होतायत, एवढं डोळ्यासमोर आणा.

आणखी एक गोष्ट लोकांना माहीत नसते. चार जणांची केबिन वेबसाइटवर रिकामी दिसते, तरी ऐन वेळी "तिघांनाच मिळेल" असं उत्तर येतं. फसवणूक नसते ती. जहाजाच्या त्या भागातल्या माणसांना ठरावीक जागी जमून ठरावीक लाइफबोटीत बसायचं असतं. त्या भागाचा आकडा भरला की केबिनमध्ये बिछाना असूनही जास्तीचा माणूस घेत नाहीत. टायटॅनिक बुडाल्यावर १९१४ मध्ये जो आंतरराष्ट्रीय करार झाला, तिथून ही सगळी शिस्त आली. तुमच्या दृष्टीने अर्थ एवढाच की तीन-चार जणांच्या केबिन सगळ्यात आधी संपतात. दिवाळीच्या किंवा मेच्या सुट्टीत जायचं तर घरात एकमत व्हायची वाट बघू नका.

"शेजारशेजारच्या द्या" आणि "कनेक्टिंग द्या" या दोन वेगळ्या मागण्या आहेत. कनेक्टिंगमध्ये दोन केबिनच्या मधे आतून दार असतं. म्हातारं माणूस आणि त्याला सांभाळणारा यांच्यासाठी याच्याइतकी सोय दुसरी नाही. उगीच घेऊ मात्र नका, त्या दारातून पलीकडचं बोलणं ऐकू येतं. आणि स्वस्तातली एक ‘गॅरंटी’ केबिन मिळते, तिच्यात गॅरंटी फक्त केबिन मिळण्याची. कुठल्या मजल्यावर, कोणाच्या शेजारी, ते जहाजवाले ठरवतात. कॉलेजच्या पोरांनी घ्यावी, १४ जणांच्या घराने नाही. आमच्या एजंटने दुसऱ्या वेळी दोन केबिन अशाच लावल्या होत्या, काका-काकू आमच्यापासून तीन मजले वर. काकू अजून बोलतात.

केबिनचे नंबर मिळाले की डेक प्लॅन, म्हणजे जहाजाचा मजल्यामजल्याचा नकाशा, काढून बसा. तुमचा मजला तर बघाच, पण वरचा आणि खालचाही बघा. वर-खाली दोन्हीकडे केबिन असल्या की निवांत. सिंगापूरच्या वेळी मी फक्त आमचा मजला बघितला. डोक्यावर नाश्त्याचा हॉल निघाला. पहाटे पाचला खुर्च्या ओढायला सुरुवात. मागावर झोपल्यासारखं वाटलं, आणि हे कारखानदार म्हणून सांगतोय. खिडकीवाली केबिन असेल तर समोर लाइफबोट टांगलेली नाही ना, तेही विचारा. तशी केबिन थोडी स्वस्त असते, पण दिसतं ते नारिंगी रंगाचं बोटीचं पोट.

मुंबईहून कॉर्डेलिया कंपनीच्या एम्प्रेस जहाजावर जाणार असाल तर सगळ्यांना बाल्कनी हा प्रश्न जवळपास निकालातच निघतो. जहाज १९९० चं आहे, त्या काळच्या बांधणीत बाल्कन्या थोड्याच, बहुतेक केबिन इंटीरियर आणि ओशन व्ह्यू. सिंगापूरहून सुटणारं गेंटिंग ड्रीम २०१६ चं, तिथे उलट बाल्कनीवाल्याच जास्त. रॉयल कॅरिबियनच्या क्वांटम वर्गातल्या जहाजांवर तर काही बिनखिडकीच्या केबिनमध्ये भिंतीवर मोठा पडदा लावून बाहेरचा समुद्र जसाच्या तसा दाखवतात. पोरांना ते खऱ्या बाल्कनीपेक्षा जास्त आवडतं.

तुमच्या १४ जणांसाठी मी असं करेन. आजी आणि १५ वर्षांची पणती एका ओशन व्ह्यूत, बेड वेगवेगळे लावायला आधीच सांगून. त्याला कनेक्टिंग, आई-वडील. भाऊ-वहिनी आणि त्यांची दोन्ही लहान मुलं चौघांच्या इंटीरियरमध्ये. २ वर्षांच्या मुलाला दुपारी झोपवायचं तर अंधाराइतकं भारी काही नाही, आणि वहिनींच्या डोक्याला बाल्कनीच्या कठड्याचा घोर नाही. बाळाचा पाळणा बुकिंगच्या वेळीच मागा, मोजकेच असतात. ६ वर्षांच्याला वरचा बर्थ देऊ नका, तो कितीही नाचला तरी. बहीण-दाजी एका ओशन व्ह्यूत. तुम्ही दोघं बाल्कनीत, आणि बोळाच्या पलीकडे बरोबर समोरच्या इंटीरियरमध्ये तुमचा १२ वर्षांचा आणि ताईंचा ११ वर्षांचा. बऱ्याच कंपन्या प्रत्येक केबिनमध्ये एक मोठं माणूस मागतात, आई-बाप समोर किंवा शेजारी असले की काही जण सूट देतात. एजंटला लेखी विचारायला लावा. सूट नाही मिळाली तर कागदावर एकेका केबिनमध्ये तुम्ही आणि तुमची बायको, किल्ल्या दोन्हीकडच्या मागून घ्या.

म्हणजे बाल्कनी अख्ख्या घरात एकच. तीच सगळ्यांची ओसरी होते. आमच्याकडे संध्याकाळी नऊ माणसं त्या चार खुर्च्यांच्या जागेत, काही पलंगावर, मधे कडक भाकरीचे तुकडे आणि शेंगा चटणीची पुडी. (घरचं खाणं बऱ्याच जहाजांवर चालत नाही, दुकानातली सीलबंद पुडी न्या.) दाजींना बाल्कनी न दिल्याबद्दल ताईंनी काही म्हटलं तर सांगा, नऊ माणसं रात्री अकरापर्यंत पलंगावर बसलेली दाजींना चालणार असतील तर बदलून घेऊ. आमच्या दाजींनी लगेच नको म्हटलं.

मुंबईहून निघणार असाल तर आदल्या रात्रीची सिद्धेश्वर धरा. ती सकाळी सीएसएमटीला सोडते आणि तिथून बॅलार्ड पिअरचं क्रूझ टर्मिनल अगदी जवळ. वंदे भारत पोचते साडेबाराच्या सुमारास, त्याच दिवशी जहाज असेल तर १४ माणसं आणि बॅगा घेऊन तो जुगार खेळू नका. जहाजावर चढल्या चढल्या केबिन तयार नसतात आणि मोठ्या बॅगा दारात यायला संध्याकाळ होते. आजींच्या दुपारच्या गोळ्या, चष्मा, शाल आणि बाळाचे दोन जोड कपडे हातातल्या पिशवीत. इन्शुलिन असेल तर केबिनमधल्या छोट्या फ्रिजवर विसंबू नका, नुसता गारवा असतो त्यात. औषधांसाठी वेगळा फ्रिज मिळतो का ते बुकिंगच्या वेळीच विचारून ठेवा.