मोर्चात गेलात, हरकत कुठे आहे?

प्रश्न: नंदिहळ्ळी शिवारात वडिलांच्या नावची आमची सव्वातीन एकर जमीन आहे. बेळगाव–कित्तूर–धारवाड रेल्वेमार्गात त्यातली एक एकर दहा गुंठे जाते आणि उरलेल्या जमिनीचे दोन तुकडे होतात. वडील वारून सात वर्षे झाली. तेवीस दिवसांपूर्वी थोरल्या भावाने केआयएडीबीची (कर्नाटक औद्योगिक क्षेत्र विकास मंडळाची) कानडी नोटीस सही करून घेतली आणि ठेवून दिली. आम्ही मोर्चात होतो, गावाचे निवेदनही डीसींना (जिल्हाधिकाऱ्यांना) दिले आहे. शेजारच्या पडीक जमिनीतून मार्ग नेता येतो. लोंड्यावरून गाडी चालू असताना एवढा खर्च कशाला? हलगा–मच्छे बायपासच्या शेतकऱ्यांसारखा आम्हाला स्टे मिळेल का?
— एक वाचक, बेळगाव तालुका

उत्तर: स्टेचं नंतर बघू. आधी ती नोटीस कपाटातून काढा आणि कानडी वाचणाऱ्याकडून आजच वाचून घ्या. तिच्यात कर्नाटक औद्योगिक क्षेत्र विकास कायदा, १९६६ याचं कलम २८(२) असं लिहिलेलं असेल, तर नोटीस हातात पडल्यापासून तीस दिवसांत लेखी हरकत द्यायची असते. तुम्ही पत्र लिहिलं तेव्हा तेवीस दिवस गेले होते. हे वाचताय तोवर किती उरलेत ते तुम्हीच मोजा.

देसूर, गर्लगुंजी, नंदिहळ्ळी, या पट्ट्यातून अशी पत्रं सारखी येतात आणि सगळ्यांत एकच गोष्ट असते. मोर्चा झालेला असतो, डीसी ऑफिससमोर घोषणा झालेल्या असतात, दोनशे सह्यांचं निवेदन दिलेलं असतं. आणि विशेष भूसंपादन अधिकाऱ्याच्या फाईलमध्ये तुमच्या सर्व्हे नंबरासमोर कागद एकही नसतो. गावाचं निवेदन ही तुमची हरकत नव्हे. ते डीसींच्या नावे आहे, त्यात तुमचा सर्व्हे नंबर नाही, आणि कायद्याने ते विचारात घ्यायला कोणी बांधील नाही. २८(२) खाली आलेली हरकत मात्र अधिकाऱ्याला ऐकावीच लागते. २८(३) प्रमाणे सुनावणी द्यावी लागते, मग आदेश काढावा लागतो. त्यानंतर २८(४) ची घोषणा राजपत्रात आली की २८(५) प्रमाणे जमीन त्याच दिवशी सरकारची. पैसे मिळालेले असोत वा नसोत, पीक उभं असो वा नसो. पुढे ताबा देण्यासाठी तीस दिवसांची नोटीस येते, आणि नाही दिलात तर बळ वापरायची मुभाही त्याच कलमात आहे.

हायकोर्टात, म्हणजे धारवाड पीठासमोर, भूसंपादन टिकलं नाही तर बहुतेक वेळा ते हरकत न ऐकल्यामुळे किंवा ऐकल्याचं नाटक केल्यामुळे. हरकतच नसेल तर 'ती का दिली नाही?' हा पहिला प्रश्न न्यायमूर्ती वकिलालाच विचारतात, आणि त्याचं उत्तर माझ्यासारख्यांकडे नसतं.

म्हणून हरकत तुमच्या नावाने, तुमच्या सर्व्हे नंबरापुरती लिहा. किती गुंठे जातात, बोअर कुठे आहे, भाताच्या खाचरांचं पाणी कुठून उतरतं, रुळांचा भराव आल्यावर ते कुठे तुंबेल, पलीकडच्या तुकड्यात बैलगाडी-ट्रॅक्टर कसा जाणार, हे सगळं नकाशासह. पडीक जमिनीतला पर्यायी मार्ग सांगायचा तर त्याचे सर्व्हे नंबर द्या. 'तिकडून न्या' एवढ्यावर कोणी ऐकत नाही. मराठीत लिहिलंत तरी चालेल, गाऱ्हाणं मांडण्याचा तो हक्क राज्यघटनेच्या अनुच्छेद ३५० मध्ये आहे. पण हक्क बजावायची ही वेळ नाही. सोबत कानडी प्रत जोडा, म्हणजे 'समजलं नाही' म्हणून कागद बाजूला पडणार नाही. कचेरीत देऊन पोच घ्या आणि तोच कागद स्पीड पोस्टनेही पाठवा. शेवटी एक ओळ हवीच: मला समक्ष सुनावणी हवी आहे.

तीस दिवस उलटले असतील तरी हरकत द्या. आदेश निघेपर्यंत अधिकारी ती घेऊ शकेल. घेईलच असं मी सांगत नाही.

आता उताऱ्याचं. वडील जाऊन सात वर्षं झाली आणि वारसा नोंद नाही! नोंद असती तर 'मला नोटीसच मिळाली नाही, माझे तीस दिवस सुरूच झाले नाहीत' हा मुद्दा तुमच्या हाती असता. कायदा म्हणतो, ज्यांचा हितसंबंध ठाऊक आहे किंवा असावा असं वाटतं त्या सगळ्यांना नोटीस द्यावी. पण तुमचं नाव कुठल्याच दप्तरात नाही, तर ते ठाऊक कोणाला असणार? मृताच्या नावावर काढलेली नोटीस म्हणून वाद घालता येईल, पण सही करून घेणारा तुमचाच सख्खा भाऊ आहे. या मुद्द्यावर मी फार भिस्त ठेवणार नाही. वारसा नोंदीचा अर्ज मात्र याच आठवड्यात द्या, नाहीतर भरपाईच्या वेळी भावाभावांत जुंपेल.

खर्चाबद्दल. साधारण ७३ किलोमीटरचा मार्ग, मंजुरीच्या वेळचा अंदाज ९२७ कोटींचा, जमीन राज्याने फुकट द्यायची आणि बांधकामाचा निम्मा खर्चही उचलायचा. हे पैसे योग्य ठिकाणी चाललेत का, हा प्रश्न आमदार-खासदारांना विचारा. कोर्ट त्यात पडणार नाही. मार्ग कुठून न्यायचा यातही नाही: २०११ साली कर्नाटकातल्याच एका महामार्गाच्या प्रकरणात सुप्रीम कोर्टाने म्हटलं आहे की प्रकल्पाची व्यवहार्यता आणि आखणी ठरवणं हे न्यायालयांचं काम नाही. औद्योगिक मंडळाने रेल्वेसाठी जमीन का घ्यावी, हा प्रश्न विचारण्याजोगा आहे. मात्र एकट्या त्याच्या बळावर कज्जा उभा करू नका.

बायपासचं उदाहरण देऊ नका. तिथे राष्ट्रीय महामार्ग कायदा, १९५६ होता आणि वाद झिरो पॉइंटचा, म्हणजे बायपास नेमका कुठून सुरू होतो याचा होता. तुमचा कायदा वेगळा, टप्पे वेगळे. बेळगावच्या दिवाणी कोर्टात मनाई हुकमासाठी दावा टाकायचा सल्ला कोणी देत असेल तर आधी फी विचारा. संपादनाला आव्हान द्यायची जागा हायकोर्टातला रिट अर्ज ही आहे.

'पाच वर्षं ताबा घेतला नाही की संपादन आपोआप रद्द' हेही ऐकलं असेल. ती तरतूद २०१३ च्या भूसंपादन कायद्यातली आहे आणि ती केआयएडीबीला लागू नाही, असं सुप्रीम कोर्टाने २०१७ मध्ये स्पष्ट केलं. कोर्टातून काय मिळतं आणि केव्हा, ते बेंगळूर–म्हैसूर प्रकल्पाच्या जमीनमालकांना विचारा. २००३ साली अधिसूचना, भरपाईचा निवाडा २०१९ मध्ये, आणि जमिनीचा भाव २०१९ चा धरा हे सुप्रीम कोर्टाकडून ऐकायला जानेवारी २०२५ उजाडलं.

भरपाई किती मिळेल याचा आकडा मी देणार नाही. 'बाजारभावाच्या चौपट' ऐकून कर्जही काढू नका. संयुक्त मोजणीला मात्र स्वतः हजर राहा. झाडं, बोअर, पाइपलाइन पंचनाम्यात आली नाही तर नंतर कोणी मोजत नाही. जमिनीचे तुकडे पडल्याने उरलेल्या भागाचं होणारं नुकसान वेगळं मागा. आणि भावाला बजावून सांगा: कलम २९(२) च्या संमती करारावर सही केली की वाढीव भरपाईचा रस्ता बंद होतो. रक्कम घ्यायचीच झाली तर 'हरकत राखून' असं लिहूनच घ्यायची, आणि कानडी कागद असेल तर वाचून घेतल्याशिवाय सही नाही.