अमेरिकन जॅझ कलाकार मेरी लू विल्यम्स फक्त बँडमधल्या पियानोवादक होत्या का?

नाही, अजिबात नाही. कॅन्सस सिटीच्या अँडी कर्क यांच्या बँडमध्ये त्या पियानो वाजवायच्या हे खरं, पण त्या बँडचा आवाज घडवला त्यांच्या लेखणीने, म्हणजे त्यांनी लिहिलेल्या रचनांनी. १९३६ चं ‘वॉकिन अँड स्विंगिन’ नीट ऐका. सॅक्सोफोनच्या जोडीला त्यांना आणखी एक सूर हवा होता, म्हणून त्यांनी एका ट्रम्पेटवाल्याला ट्रम्पेटचं तोंड हॅटमध्ये धरून वाजवायला लावलं. ट्रम्पेट सॅक्सोफोनमध्ये असा मिसळतो की वेगळा काढता येत नाही! मला तर ही जागा त्यांच्या कुठल्याही सोलोपेक्षा (एकल वादनापेक्षा) मोठी वाटते.

पुढे १९३७ मध्ये बँडप्रमुख बेनी गुडमनसाठी ‘रोल एम’ लिहिलं. दुसरे बँडप्रमुख ड्यूक एलिंग्टन यांनीही त्यांच्याकडून रचना घेतल्या. १९४५ मध्ये बारा राशींवरचा ‘झोडियाक सूट’ (सूट म्हणजे छोट्या रचनांची मालिका) आला. त्याच दशकात न्यूयॉर्कच्या हार्लेममधल्या त्यांच्या घरी थेलोनियस मंक, बड पॉवेल अशी तरुण पियानोवादक मंडळी जमायची. स्विंगच्या, म्हणजे नाचायच्या बँड-जॅझच्या पिढीतल्या फार थोड्या लोकांनी बीबॉपला, म्हणजे या तरुणांच्या नव्या, गुंतागुंतीच्या जॅझला, असं घरात घेतलं.

१९५४ मध्ये पॅरिसला त्यांनी वाजवणंच थांबवलं. १९५७ मध्ये कॅथलिक झाल्या, त्याच वर्षी न्यूपोर्टच्या जॅझ महोत्सवात ट्रम्पेटवादक डिझी गिलेस्पींसोबत मंचावर परतल्या, आणि नंतर जॅझमध्ये चर्चसाठी मास (कॅथलिक प्रार्थनाविधीचं संगीत) रचले. शेवटची काही वर्षं, १९८१ मध्ये जाईपर्यंत, ड्यूक विद्यापीठात शिकवत होत्या.

त्यांचं संगीत ऐकायची सुरुवात ‘झोडियाक सूट’पासून करा.