पुण्यात रोज ऑफिसला जायला तीन लाखांत जुनी छोटी गाडी घ्यावी का?

तुम्ही विचारलंय की धायरीहून डेक्कनला रोज ये-जा आहे, हातात तीन लाख आहेत, घरात एक स्कूटर आहे. जुनी छोटी कार घ्यावी की आहे तेच बरं? माझा रस्ता जवळपास हाच आहे आणि गाडीही याच जातीची, म्हणून लिहिते.

घ्या. पण स्कूटर विकू नका.

मी 2019च्या ऑगस्टमध्ये 2014ची अल्टो 800 घेतली. एलएक्सआय मॉडेल, फर्स्ट ओनर, 38 हजार किलोमीटर रनिंग, एक लाख पंच्याण्णव हजारांना. त्याआधी वर्षानुवर्षं स्कूटरच होती. त्या जुलैत राजाराम पुलाजवळ भर पावसात घसरले, मागे मुलगी होती. दोघींना खरचटण्यापलीकडे काही झालं नाही, पण त्या रात्री घरात जो विषय निघाला तो गाडी दारात आल्यावरच संपला.

आधी खर्च, कारण खरी मेख तिथेच आहे. मी वही ठेवते. ऑफिस आणि शनिवार-रविवार मिळून महिन्याला साडेपाचशे किलोमीटर होतात. सिंहगड रोडच्या गर्दीत गाडी लिटरला सोळा देते. कंपनीचे आकडे विसरा. म्हणजे पेट्रोल साधारण छत्तीसशे. विमा वर्षाला पाच हजार आठशे. ऑफिसजवळच्या पार्किंगचा पास महिन्याला सहाशे. सर्व्हिसिंग आणि किरकोळ दुरुस्ती यांची सरासरी महिन्याला हजाराच्या आत. टायर, बॅटरी, एकदा क्लच प्लेट हे सगळं पसरून धरलं तर आणखी तीन-साडेतीनशे. एकूण सहा हजार. तेवढ्याच अंतराला स्कूटरचं पेट्रोल तेराशेच्या आसपास. हा फरक दर महिन्याला झेपणार असेल तर पुढचं वाचा, नाहीतर चांगला रेनकोट घ्या. मी चेष्टा करत नाहीये. माझ्या एका मैत्रिणीनं तेच केलं आणि ती सुखात आहे.

वेळ वाचेल ही आशाही ठेवू नका. सिंहगड रोडवर उड्डाणपूल झाले, थोडा श्वास मिळाला, पण दांडेकर पुलापासून अलका चौकापर्यंत स्कूटर ज्या फटीतून निघून जाते तिथे कार उभीच राहते. मला स्कूटरनं अर्धा तास लागायचा, गाडीनं चाळीस-पन्नास मिनिटं लागतात. मिळतं ते दुसरंच: कोरडे कपडे, डब्याची पिशवी सांडत नाही, आणि आईला दवाखान्यात न्यायचं तर रिक्षावाल्याची मनधरणी नाही.

आता छोटीच का. माझी अल्टो साडेतीन मीटरपेक्षा कमी लांब आणि दीड मीटर रुंद आहे. हल्ली जिला लोक छोटी एसयूव्ही म्हणतात ती एक मीटर ऐंशी सेंटीमीटर रुंद असते. हा एका फुटाचा फरक शोरूममध्ये कळत नाही. शनिवार पेठेत समोरून टेम्पो आला की कळतो. पी-1, पी-2च्या रस्त्यावर, म्हणजे जिथे एक दिवस एका बाजूला आणि दुसऱ्या दिवशी दुसऱ्या बाजूला गाडी लावायची तिथे, सम-विषम तारीख आठवत जागा शोधताना तर फारच कळतो. शिवाय माझ्या गाडीला चारही बाजूंनी ओरखडे आहेत आणि मी एकाचंही टचिंग केलेलं नाही. सिग्नलला कुणाचा आरसा घासला तर मी काच खाली करत नाही, तोही थांबत नाही. शेजाऱ्यांनी मागच्या वर्षी बारा लाखांची गाडी घेतली. ते आठवड्यातले चार दिवस ती कव्हरखाली ठेवतात आणि स्कूटरनं जातात.

सुरक्षेबद्दल मात्र स्पष्ट सांगते, कारण विकणारा सांगणार नाही. ग्लोबल एनकॅप या गाड्या आपटून सुरक्षा तपासणाऱ्या संस्थेनं 2014मध्ये अल्टो 800ची चाचणी घेतली होती आणि तिला शून्य तारे मिळाले होते. माझ्या गाडीत एअरबॅग नाही, एबीएस (जोरात ब्रेक दाबला तरी चाकं लॉक होऊ न देणारी यंत्रणा) नाही. म्हणून ती मी चाळीसच्या वेगात शहरातच चालवते, एक्सप्रेसवेवर एकदाही नेलेली नाही. कोल्हापूरला जायचं तर एसटी. तुमचं बजेट माझ्याहून जास्त आहे, तेव्हा माझी चूक करू नका. एप्रिल 2019पासून नव्या गाड्यांना एबीएस आणि जुलै 2019पासून ड्रायव्हरची एअरबॅग सक्तीची झाली. जुलै 2019 नंतर बनलेली गाडीच बघा, आणि पुढच्या दोन्ही सीटना एअरबॅग असलेली मिळाली तर उत्तम. तीन लाखांत अल्टो मिळेल, रनिंग थोडं जास्त चालत असेल तर वॅगन आर किंवा टियागोही मिळू शकेल. टियागोला 2020मध्ये याच संस्थेनं चार तारे दिले होते. घरात गुडघेदुखीवालं कुणी असेल तर वॅगन आर. तिच्यात वाकून शिरावं लागत नाही. आणखी एक हिशेब: खासगी गाडीची आरसी, म्हणजे नोंदणी, पंधरा वर्षांची असते. माझी 2029ला संपेल, मग पुन्हा पासिंग आणि वर ग्रीन टॅक्स. 2019ची घेतलीत तर 2034पर्यंत तो विषय नाही.

भाव करताना एक मुद्दा हाताशी ठेवा. 22 सप्टेंबर 2025पासून छोट्या पेट्रोल गाड्यांचा जीएसटी 28 टक्क्यांवरून 18वर आला आणि वरचा सेसही गेला. नवी गाडी स्वस्त झाली, तर जुनीचा भाव जुनाच का, हे शांतपणे विचारायचं आणि गप्प बसायचं.

तपासणीत सगळ्यात आधी पाणी बघा. हे मी पुण्यासाठी मुद्दाम सांगतेय. 25 सप्टेंबर 2019च्या रात्री आंबिल ओढ्याला पूर आला तेव्हा माझी गाडी घेऊन महिनाही नीट झाला नव्हता. आम्ही चढावर राहतो म्हणून वाचलो. त्या दिवाळीत माझ्या दिरानं एक गाडी पाहिली. चकचकीत, सीट कव्हर नवीन, आणि भाव संशय यावा इतका कमी. आमच्या गॅरेजवाल्यानं काही न बोलता सीटबेल्ट शेवटपर्यंत बाहेर ओढला. आतल्या टोकाला वाळलेल्या गाळाची रेघ होती. मग मॅट उचलली, स्टेपनीचा खळगा पाहिला, सीटचे स्क्रू गंजलेले. जुलै 2024मध्ये आपल्याच रोडवर एकता नगरीत पाणी शिरलं होतं, म्हणजे अशा गाड्या अजूनही फिरत असणार. पाण्यातून निघालेली गाडी पहिले काही महिने चालते, मग एकेक वायर आणि सेन्सर रुसायला लागतो.

बाकी इंजिन थंड असतानाच बघायला जा. बॉनेटला हात लावा. गरम लागलं तर तुम्ही यायच्या आधीच चालू करून ठेवलीय. दाराचं रबर ओढून आतले वेल्डिंगचे ठिपके पाहा. दोन्ही बाजूंचे सारखे नसतील तर गाडी ठोकलेली आहे.

कागदांत मी फसले होते. ज्या एजंटकडून घेतली त्यानं ‘सगळं क्लिअर आहे मॅडम’ म्हटलं आणि मी ऐकलं. नाव बदलून आल्यावर आधीच्या मालकाची चार हजार दोनशेची ई-चलनं माझ्या गळ्यात. एजंटनं फोन उचलणं बंद केलं. पैसे द्यायच्या आधी गाडीच्या नंबरावर चलनं स्वतः बघा, बँकेचा बोजा उतरलाय का बघा, मालकी बदलायच्या फॉर्म 29 आणि 30वर सह्या समोर बसून घ्या. विमाही 14 दिवसांत आपल्या नावावर करायचा. थर्ड पार्टीचं, म्हणजे आपल्या गाडीनं दुसऱ्याचं नुकसान झालं तर त्याचं, संरक्षण गाडीबरोबर येतं, पण आपल्या गाडीच्या नुकसानीची भरपाई जुन्या मालकाच्या नावावर मिळत नाही. नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट, तर मालकाचा असतो, गाडीचा नाही. तो तुम्हाला मिळणार असं कुणी म्हणालं तर समजून जा.

सीएनजी? तुमच्या रनिंगला मला पटत नाही. इंधनात महिन्याला हजार-दीड हजार वाचतील, पण बाहेरून किट बसवायला पन्नास-साठ हजार जातात, डिकी जाते, दर तीन वर्षांनी सिलिंडरची टेस्ट असते आणि पंपावरची रांग वेगळीच. रोज पन्नास किलोमीटर असते तर मीच घ्या म्हटलं असतं.

क्लचचा विचार मात्र करा. पाच वर्षांत माझा डावा गुडघा बोलायला लागला. एएमटी, म्हणजे क्लच पेडल नसलेली, गियर आपोआप बदलणारी सोय, 2014च्या सेलेरिओपासून छोट्या गाड्यांत आली, जुन्या बाजारातही मिळते. गियर बदलताना थोडा झटका देते आणि बिघडली तर गल्लीतल्या फिटरचं काम नाही, तरी पुन्हा घेताना मी तीच बघेन. तुम्ही ट्रायल रविवारी सकाळी मोकळ्या रस्त्यावर घेऊ नका. सोमवारी संध्याकाळी साडेसहाला दांडेकर पुलापासून संतोष हॉलपर्यंत न्या, एसी चालू ठेवून. विकणारा कुरकुर करेल, करू दे.