दीर्घिका लाल दिसतात म्हणून नव्हे, रेषा सरकतात म्हणून

दीर्घिका, म्हणजे आपल्या आकाशगंगेसारखे ताऱ्यांचे प्रचंड समूह, इतक्या लांब असताना त्या दूर चालल्यात हे कळतं कसं, आणि वाटेतल्या धुळीनेच त्यांचा प्रकाश लाल होत नसेल कशावरून, असं तुम्ही विचारलंय.

धुळीची शंका रास्त आहे. मी भुसावळला अकरावी-बारावीला भौतिकशास्त्र शिकवतो. मुलंही नेमकी इथेच अडतात. पण नुसता रंग बघून कोणी काही ठरवत नाही. दीर्घिकेच्या प्रकाशाचा वर्णपट काढला, म्हणजे तो रंगारंगांत पसरवला, की त्यात काळ्या रेषा दिसतात. कॅल्शियमची एक जोडी 393 आणि 397 नॅनोमीटरच्या आसपास असते, प्रयोगशाळेत कधीही बघा. दूरच्या दीर्घिकेत हीच जोडी, आणि हायड्रोजनच्या रेषाही, लांब तरंगलांबीकडे सरकलेल्या सापडतात, तेही सगळ्या एकाच पटीने. धूळ निळा प्रकाश अडवते, पण रेषेला जागेवरून हलवत नाही.

खगोलशास्त्रज्ञ व्हेस्टो स्लायफर यांनी 1912 पासून हे सरकणं मोजलं. सरकणं जितकं जास्त, तितका दूर जाण्याचा वेग जास्त. अंतराची किल्ली त्याच वर्षी हेन्रिएटा लेविट यांनी दिली: सेफिड जातीचा तारा जितका तेजस्वी, तितका त्याच्या उजेडाच्या चढउताराला वेळ जास्त. म्हणजे वेळ मोजून खरं तेज कळतं, आणि तो किती मंद दिसतो त्यावरून अंतर. 1929 मध्ये एडविन हबल यांनी वेग आणि अंतर या दोन्हींचा मेळ घातला. अंतर दुप्पट, तर वेगही दुप्पट. आजच्या मोजणीत दर 32.6 लाख प्रकाशवर्षांमागे सेकंदाला साधारण 70 किलोमीटर.

असंच का, ते आखाजीच्या (अक्षय तृतीयेच्या) मांड्यात बघा. पुरण भरलेली पोळी आई दोन्ही हातांवर ताणत नेते, तेव्हा वेलदोड्याचे कण एकमेकांपासून लांब जातात. जवळचे थोडे, लांबचे जास्त, कारण मधली पोळी जास्त. कुठल्याही कणावर बसून बघितलं तरी हेच दिसेल. म्हणून आपण मध्यभागी आहोत असं अजिबात नाही. आणि कण स्वतः ताणला जात नाही, तशी दीर्घिकाही नाही.

मला सर्वांत पटणारा पुरावा मात्र अतिनवताऱ्यांचा, म्हणजे ताऱ्यांच्या प्रचंड स्फोटांचा. एका विशिष्ट जातीचा स्फोट साधारण 20 दिवसांत कळसाला पोचतो. ज्याच्या रेषा दीडपट लांबल्यात, त्याला आपल्याकडून बघताना 30 दिवस लागतात. प्रकाश वाटेत नुसता ‘थकून’ लाल झाला असता, तर स्फोटाचं घड्याळ मंदावलं नसतं. 1990 च्या दशकात हे प्रत्यक्ष मोजलं गेलं.

देवयानी दीर्घिका मात्र उलट आपल्याकडे येतेय, आपल्या आकाशगंगेच्या दिशेने सेकंदाला सुमारे 110 किलोमीटरने. 25 लाख प्रकाशवर्षं म्हणजे शेजारच. तिथे गुरुत्वाकर्षण प्रसरणाला भारी पडतं. कार्तिकातल्या अंधाऱ्या रात्री, गावाच्या दिव्यांपासून लांब, रावेर-यावलकडच्या एखाद्या मोकळ्या शेतातून ती नुसत्या डोळ्यांनी पुसट ढगासारखी दिसते.