रोटरी क्लबच्या दर आठवड्याच्या सभेत नेमकं काय होतं? समाजकार्य करायला सभा कशाला हवी?

तुम्ही लिहिलंय की गावातल्या रोटरी क्लबनं सभासद व्हाल का म्हणून विचारलंय. तुम्हाला काम करायची मनापासून इच्छा आहे, पण दर आठवड्याला एक संध्याकाळ हारतुरे, भाषण आणि जेवणात घालवायची का, हे ठरत नाहीये. नोकरी सांभाळून हे जमेल का, असंही विचारलंय.

मी सांगली जिल्ह्याच्या दुष्काळी पूर्व भागात, तालुक्याच्या गावी मेडिकलचं दुकान चालवते. २०१३ पासून क्लबात आहे, मध्ये दोन वर्षं सचिव होते. त्यामुळे सभेच्या वहीत काय लिहिलं जातं आणि त्यातलं प्रत्यक्षात किती होतं, दोन्ही जवळून पाहिलंय.

आमची सभा मंगळवारी संध्याकाळी साडेसातला भरते. अध्यक्ष घंटा वाजवतात, राष्ट्रगीत होतं, पाहुण्यांची ओळख होते, त्या आठवड्यातल्या वाढदिवसांच्या शुभेच्छा दिल्या जातात. मग सचिवांच्या सूचना. त्यानंतर वीस-पंचवीस मिनिटं कुणीतरी बोलायला येतं: कधी कृषी अधिकारी, कधी बालरोगतज्ज्ञ, कधी विहिरींच्या पाणीपातळीचा अभ्यास करणारा तरुण. शेवटी चार प्रश्न म्हणायचे. हे खरं आहे का? सगळ्यांना न्याय देणारं आहे का? यानं सद्भाव आणि मैत्री वाढेल का? यात सगळ्यांचं हित आहे का? हे प्रश्न हर्बर्ट टेलर नावाच्या अमेरिकन व्यावसायिकानं १९३२ मध्ये आपल्या डबघाईला आलेल्या कंपनीसाठी लिहिले होते. रोटरीनं ते पुढे आपलेसे केले. मग पुन्हा घंटा.

एवढंच पाहून कुणी परत गेलं तर त्याला तुमच्यासारखीच शंका येईल. खरं काम घंटेनंतर सुरू होतं. चहाचा कप हातात असतो, खुर्च्या गोल ओढल्या जातात आणि कोण काय करणार ते ठरतं. पुढच्या मंगळवारी त्याच माणसांसमोर "झालं" किंवा "राहिलं" हे सांगायचं असतं. दर आठवड्याला भेटण्याचा उपयोग मला तरी इथे दिसतो. महिन्यातून एकदा भेटलो असतो तर "राहिलं" हे सांगायला एक महिना लागला असता.

भाषणांबद्दलही सांगते, कारण त्यांना मी फार मानते. आमचा क्लब दरवर्षी १५ ऑगस्टला मोठं रक्तदान शिबिर घ्यायचा. एका मंगळवारी रक्तपेढीच्या डॉक्टर आल्या आणि त्यांनी साधा हिशेब मांडला. रक्तातल्या लाल पेशी ३५ ते ४२ दिवस टिकतात, प्लेटलेट्स जेमतेम ५ दिवस. १५ ऑगस्ट, २६ जानेवारी आणि पुढाऱ्यांचे वाढदिवस या दिवशी सगळीकडे एकदम शिबिरं होतात आणि मे महिन्यात, कॉलेजं बंद असताना, थॅलेसेमियाच्या मुलांचे आईबाप रक्तासाठी वणवण करतात. या मुलांना दर दोन ते चार आठवड्यांनी रक्त लागतं, ते कुणाच्या जयंतीची वाट पाहत नाही. त्या संध्याकाळी आम्ही मोठं शिबिर बंद केलं. आता वर्षातून चार छोटी शिबिरं घेतो, त्यातलं एक हटकून मेमध्ये. फोटोला गर्दी दिसत नाही, म्हणून काही जुने सभासद नाराज झाले. मला तो निर्णय आजही शंभर टक्के बरोबर वाटतो.

आता २०१९ चा ऑगस्ट. सांगलीत आयर्विन पुलापाशी कृष्णेनं ५७ फूट ओलांडले होते. धोक्याची पातळी ४५ ची. आणि आमच्या भागात तेव्हाही काही गावांना टँकरनंच पाणी येत होतं. एकाच जिल्ह्यात हे दोन्ही. आम्ही मंगळवारची वाट पाहिली नाही, रात्रीच जमलो. पण कुणी कुणाला "तुम्ही काय करू शकता?" असं विचारलं नाही, कारण सगळ्यांना ते ठाऊक होतं. कुणाचा टेम्पो आहे, कोणत्या डॉक्टरांना दोन दिवस दवाखाना बंद ठेवता येईल, कोण वायरमन आहे, कोण हिशेब चोख ठेवतो, कुणाला पैशाचं काम देऊ नये, हेसुद्धा.

निवारा केंद्रात पोचल्यावर पहिल्या तासातच लक्षात आलं की लोक अंगावरच्या कपड्यांनिशी निघाले होते आणि गोळ्या घरातच राहिल्या होत्या. रक्तदाब, साखर, थायरॉइड, फिट्स. "सकाळची पांढरी छोटी गोळी, जेवणाआधीची," एवढंच एका आजींना सांगता येत होतं. आमच्या क्लबचे डॉक्टर प्रत्येकाला तपासून चिठ्ठी लिहायचे, मी औषध काढून पाकिटावर सूर्य आणि चंद्र काढून द्यायचे, म्हणजे सकाळ-रात्र कळेल. इन्सुलिन थंड ठेवायला पोलिओ लसीसारखीच बर्फाची पेटी केली. पुराच्या पाण्यातून चाललेल्यांना लेप्टोस्पायरोसिस या तापाच्या आजाराचा धोका असतो, त्यासाठीच्या गोळ्याही डॉक्टरांच्या सल्ल्यानं दिल्या.

पाणी ओसरल्यावर दुसरं काम. तेव्हा राज्यभरातून जुन्या कपड्यांचे ढीग येत होते आणि रस्त्याच्या कडेला चिखलात पडत होते. ते पाहून पोटात तुटायचं, कारण पाठवणाऱ्यांचं मन चांगलंच होतं. लोकांना हवे होते खराटे, वायपर, फिनेल, ब्लीचिंग पावडर, गमबूट, शेगडी आणि घरातली वायरिंग तपासून देणारा माणूस. आमचे वायरमन सभासद सहा दिवस तिथेच राहिले. वीज सुरू करण्याआधी एकेक घर तपासत होते. त्यांनी सभेत कधी भाषण केलेलं नाही. त्यांच्याबद्दल मला किती आदर आहे, ते मी इथे लिहून पुरं होणार नाही.

माणसं अशी एकमेकांना माहीत असणं हा रोटरीचा मूळ धागाच आहे. २३ फेब्रुवारी १९०५ ला शिकागोत पॉल हॅरिस या वकिलानं तीन ओळखीच्यांना जमवलं, तेव्हा सभा आळीपाळीनं एकेकाच्या कचेरीत भरायची. त्या फिरतीवरूनच (रोटेशनवरून) रोटरी हे नाव पडलं. एक गोष्ट मात्र बाई म्हणून सांगायलाच हवी: १९८९ पर्यंत रोटरीच्या घटनेत सभासद म्हणून फक्त पुरुषांनाच जागा होती. तुमच्या क्लबात किती महिला आहेत, त्यातल्या किती पदावर आहेत, हे जरूर बघा.

पोलिओचं काम तुम्हाला माहीत असेल. रोटरीनं ते १९८५ मध्ये हाती घेतलं. भारतातला शेवटचा रुग्ण १३ जानेवारी २०११ ला हावड्यात सापडला आणि २७ मार्च २०१४ ला आपला देश पोलिओमुक्त ठरला. मी अजूनही बूथवर बसते. बाळाच्या डाव्या करंगळीवर शाई लावताना प्रत्येक वेळी बरं वाटतं.

आता नोकरीचं. २०१६ पासून क्लबांना महिन्यातून किमान दोनदा भेटण्याची मोकळीक आहे, त्यामुळे तुमचा क्लब कधी भेटतो ते आधी विचारा. एखादी सभा चुकली तर दुसऱ्या क्लबच्या सभेला जाऊन भरून काढता येते, त्याला आम्ही मेकअप म्हणतो. वर्गणी आंतरराष्ट्रीय, जिल्हा (सरकारी नव्हे, रोटरीचा, अनेक क्लबांचा मिळून) आणि क्लब अशी तीन पातळ्यांवर जाते. पूर्ण आकडा लाजू नका, विचारा. पदग्रहण समारंभाचा आणि जेवणांचा खर्च वेगळा आहे का तेही.

लगेच फॉर्म भरू नका. पाहुणे म्हणून तीन-चार सभांना जा, घंटेनंतर थांबा. सचिवांना विचारा, दोन वर्षांपूर्वी सुरू केलेल्या कामांपैकी आज कोणती चालू आहेत. रोटरीचं वर्ष १ जुलैला बदलतं, अध्यक्ष बदलतात आणि त्याबरोबर बरीच कामं मागे पडतात. क्लबनं वॉटर फिल्टर बसवलेल्या एखाद्या शाळेचं नाव मिळालं तर एक दिवस तिथे जाऊन नळ सोडून बघा.