मराठीतून चालणाऱ्या मॉन्टेसरी वर्गात ९ ते १२ वर्षांच्या मुलांना भाषा कशी शिकवावी?

ताई, तुमच्या प्रश्नाचा गोषवारा असा : यवतमाळकडच्या गावात वर्ग, ९ ते १२ वयाची मुलं, हाताशी इंग्रजी अल्बम (मॉन्टेसरी शिक्षकाची धड्यांची वही). व्याकरणाची चिन्हं (प्रत्येक शब्दजातीला ठरलेला रंगीत आकार) मराठीत आणली की मुलं गोंधळतात, लेखन म्हटलं की गाइडमधला निबंध उतरवतात, आणि पालक नवोदय विद्यालयाच्या प्रवेश परीक्षेचं काय म्हणून विचारतात.

गोंधळ भाषांतरातून आलाय. अल्बममधली पद्धत घ्या, त्यातली वाक्यं आणि धड्यांचा क्रम घेऊ नका. इंग्रजीत कर्ता कोण हे शब्दाच्या जागेवरून कळतं, मराठीत शब्दाच्या शेपटावरून. सामान्यरूप (प्रत्यय लागताना शब्दाचं होणारं बदललेलं रूप), विभक्ती, प्रयोग हे या वयातलं मराठीचं खरं काम, आणि नेमकं तेच इंग्रजी अल्बममध्ये नसतं.

मूळ संचात नऊ चिन्हं आहेत. त्यातला फिकट निळा छोटा त्रिकोण आर्टिकलचा (इंग्रजीतले 'a', 'the'). मराठीत आर्टिकल नाही, तो काढून टाका. ('एक'ला तो चिकटवायचा मोह होतो, 'एक' आपल्याकडे संख्याविशेषण.) उरलेली आठ चिन्हं आपल्या आठ शब्दजातींना पुरतात : नामाला काळा मोठा त्रिकोण, विशेषणाला गडद निळा मध्यम, सर्वनामाला जांभळा उंच त्रिकोण, क्रियापदाला लाल मोठं वर्तुळ, क्रियाविशेषणाला नारिंगी छोटं, उभयान्वयीला गुलाबी पट्टी, केवलप्रयोगीला सोनेरी चिन्ह. प्रीपोझिशनची हिरवी चंद्रकोर शब्दयोगी अव्ययाला द्या. घोटीव कागद कार्डशीटवर चिकटवून कापा. पाच जणांच्या गटाला काळे ४०, लाल २५ आणि बाकीचे पंधरा-पंधरा पुरतात.

हिरव्या चंद्रकोरीपाशी मात्र आठवडाभर रेंगाळा. आधी हुकूमपट्ट्या : 'खडू दगडाखाली ठेव', 'खडू दगडाजवळ ठेव', 'खडू दगडामागे ठेव'. मूल वाचतं आणि तसं करतं. मग पट्टीवर 'बादली विहिरीजवळ ठेव' लिहा आणि कात्री मुलाच्या हाती देऊन 'जवळ' कापायला सांगा. मागे 'विहिरी' उरतं. हा मूळ शब्द कोणता? 'विहीर'. दोन्ही शब्द एकाखाली एक लिहिले की दीर्घ 'ही'चा ऱ्हस्व 'हि' झालेला मुलांना स्वतःलाच दिसतो. मग जमीन-जमिनीवर, ऊस-उसात, पूल-पुलाखाली, मूल-मुलासाठी अशा आठ-दहा जोड्या झाल्या की नियम मुलांनाच लिहू द्या : शेवटी 'अ' असलेल्या शब्दात त्याआधीचा इकार-उकार दीर्घ, सामान्यरूपात तो ऱ्हस्व. मराठी साहित्य महामंडळाच्या १९६२च्या शुद्धलेखन नियमांत हेच आहे, पण फळ्यावर नियम आधी आला की कात्रीत काही राम उरत नाही. 'शरीर', 'गीत' असे संस्कृतातून जसेच्या तसे आलेले शब्द या नियमाला जुमानत नाहीत (शरीराला, गीतात). ते वेगळ्या पाकिटात जमवत राहा.

'वर' शब्दावर हमखास भांडण होतं. 'वर बघ' इथे नारिंगी, 'छपरावर बघ' इथे हिरवं. भांडू द्या, दहा वर्षांच्या मुलांचा गट अशा वादातूनच शिकतो. 'ला', 'ने', 'चा' यांना मात्र नवं चिन्ह शोधू नका. प्रत्यय म्हणजे शब्दजात नव्हे. काळ्या त्रिकोणाखाली पेन्सिलीने एक रेघ पुरे.

वाक्यपृथक्करणात मधोमध लाल वर्तुळ, त्यातून निघणारे प्रश्नांचे बाण आणि बाणांच्या टोकाला काळी किंवा नारिंगी वर्तुळं. इंग्रजी अल्बम 'कोणी केलं?' असं विचारायला लावतो. मराठीत आपल्या जुन्या मास्तरांची युक्ती जास्त पक्की : धातूला 'णारा', 'णारी' लावून 'कोण?' विचारायचं. 'आजीने सकाळी भाकर थापली.' लाल वर्तुळात 'थापली'. थापणारी कोण? आजी. म्हणून 'आजीने' मोठ्या काळ्या वर्तुळात. थापली काय? भाकर, छोट्या काळ्यात. कधी? सकाळी, नारिंगीत. मुलं चुकून 'भाकर'ला कर्ता करतात आणि त्यांचं काही खोटं नसतं, कारण क्रियापद भाकरीच्याच मागे चाललेलं असतं. तेच उघड करून दाखवा. 'भाकर'ऐवजी 'वडे' ठेवा, 'थापले' होतं. 'थालीपीठ' ठेवा, 'थापलं' होतं. 'आजीने'च्या जागी 'आजोबांनी' ठेवून बघा, क्रियापद हलत नाही. कर्मणी प्रयोग एवढाच. तो नऊ-दहाव्या वर्षी कर्तरीच्या शेजारी ठेवून द्या. भावे प्रयोग ('पोराने बैलाला बांधले') अकराव्या वर्षाआधी घेऊ नका. आधी घेतला की तिन्हींची खिचडी होते.

आता बोली. तुमच्याकडची मुलं 'त्यानं मले सांगतलं', 'पाऊस येऊन राह्यला' असंच बोलणार. वहीत दोन रकाने आखा, 'घरची' आणि 'पुस्तकातली'. 'चूक' आणि 'बरोबर' असं डोक्यावर लिहिलंत तर दुसऱ्या दिवसापासून निम्मी मुलं तोंड उघडणार नाहीत. या रकान्यांतून शुद्धलेखनाचा पाठही आपोआप निघतो. वऱ्हाडीत 'ळ'चा 'य' होतो (शाया, डोया) आणि 'ण'चा 'न' (पानी, कोन). नुसतं 'ळ लिहा, ण लिहा' म्हणत राहिलात तर मुलं उलट्या बाजूने घसरतात, 'काटकोन'चा 'काटकोण' करतात. म्हणून दोन डबे ठेवा : घरी 'य' आणि पुस्तकात 'ळ' असे शब्द एकात, दोन्हीकडे 'य'च असलेले (गाय, दया, पाय) दुसऱ्यात. आठवड्याला दहा पट्ट्या, जास्त नकोत. 'न-ण'साठीही तसंच. भंडारा-गोंदियाकडे झाडीबोलीत यादी वेगळी निघेल, तिथे ही उचलून नेऊ नका.

वर्गात कोलामी, गोंडी किंवा कोरकू बोलणारी मुलं असतील तर मराठी ही त्यांची दुसरी भाषा. त्यांना हुकूमपट्ट्या आणि तोंडी गोष्टी जास्त दिवस द्या, पृथक्करण उशिरा.

लिपीच्या जन्माची मोठी गोष्ट (मॉन्टेसरीतली 'ग्रेट स्टोरी') सांगताना चित्रलिपीपासून सुरुवात करा, पण शेवट आपल्या मातीत आणा. अमरावती जिल्ह्यातलं रिद्धपूर जुन्या मराठी गद्याचं गाव; म्हाइंभटांचं तेराव्या शतकातलं लीळाचरित्र तिथलं. पुढे महानुभाव पंथाच्या लोकांनी आपल्या पोथ्या सकळसारख्या सांकेतिक लिप्यांत लिहून ठेवल्या. एवढं सांगितलं की मुलं स्वतःच्या गुप्त लिप्या करायला बसतात. करू द्या, फक्त किल्ली लिहून ठेवायला लावा. काना, मात्रा, वेलांटी वेगवेगळी मोजल्याशिवाय लिपी जमत नाही, आणि अक्षराकडे इतकं बारीक लक्ष दुसऱ्या कुठल्याही सरावात जात नाही.

निबंध बंदच करा. त्याऐवजी तिघांचा गट वर्गाबाहेर पाठवा : जिनिंग, सोसायटी, आठवडी बाजार, पोस्ट. कुणाला भेटायचं, कधी, सोबत मोठं माणूस कोण, हे गटानेच ठरवायचं. आठ प्रश्न आधी लिहून न्यायचे. एक विचारतो, एक टिपतो, एक नुसता बघतो. टिपणात पूर्ण वाक्य लिहायचं नाही, 'सरकी वेगळी', 'रुई', 'गठाण किती किलो' एवढंच. वाक्य लिहीत बसलं की पुढचं बोलणं हुकतं. परत आल्यावर एका चिठ्ठीवर एकच माहिती, मग चिठ्ठ्यांचे ढीग. एक ढीग म्हणजे एक परिच्छेद. सात-आठ चिठ्ठ्यांवर ढीग गेला तर तो फोडायचा; दोनच चिठ्ठ्या असतील तर पुन्हा जाऊन विचारायचं. पहिला खर्डा एक ओळ सोडून. पहिल्या वाचनात फक्त मजकूर बघायचा, ऱ्हस्व-दीर्घ दुसऱ्या दिवशी. दोन्ही एकदम तपासलं की मूल वेलांट्या दुरुस्त करतं आणि अर्धवट माहिती तशीच राहते.

एक अट घाला : ज्याला भेटलो त्याचं निदान एक वाक्य त्याच्याच बोलीत, अवतरणचिन्हांत आलं पाहिजे. 'यंदा पऱ्हाटी (कपाशी) बरी हाये' हे वाक्य प्रमाण मराठीच्या परिच्छेदात बसवताना स्वल्पविराम, अवतरण, 'ते म्हणाले की' आणि नुसतं 'ते म्हणाले' यांतला फरक, सगळं एका जागी शिकून होतं. कापूस वेचणीच्या दिवसांत अर्धा वर्ग शेतात असतो. सीतादहीची (वेचणीच्या सुरुवातीला शेतात होणाऱ्या पूजेची), वेचणीची टिपणं तेव्हाच मागा.

वाचनाला बालभारतीच्या 'किशोर'चे जुने अंक घ्या. चौघांचा गट, एक लेख, आणि प्रत्येकाने मजकुरात बोट ठेवून उत्तर दाखवता येईल असा एक आणि दाखवता येणार नाही असा एक प्रश्न काढायचा.

हीच प्रश्नांची सवय नवोदयला उपयोगी पडते. त्या परीक्षेत भाषेचे २० प्रश्न आणि २५ गुण, सगळे उताऱ्यांवर. पाचवीच्या मुलांना शेवटचे दोन महिने आठवड्यातून दोन उतारे घड्याळ लावून द्या, उताऱ्याला सात मिनिटं. उत्तर तपासताना योग्य पर्याय कोणता हे विचारूच नका, बाकीचे तीन का बाद झाले ते मुलाने उताऱ्यातली ओळ दाखवून सांगायचं.